शेवट बघायचा राहिलेला सिनेमा

"नाव माहीत नाय, हिरो माहीत नाय, भाषा पण माहीत नाय?" किंजलने मोबाइलवरची नजर काढून प्रतापकडे पाहिलं. "काका, मग मी लिहू काय?"

"मी सांगतो तसं लिही," प्रताप म्हणाला. "एक बाप असतो. त्याची मुलगी त्याला न विचारता लग्न करून गेलेली असते. ती एका स्टेशनबाहेर शिवणकामाच्या दुकानात बसते. बाप रोज कामावर जाताना समोरच्या कट्ट्यावर बसतो, अर्धा तास. तो बोलत नाय, ती पण बोलत नाय. एक दिवस ती त्याच्यासाठी चहा पाठवते."

"मग?"

"मग काय ते माहीत नाय. तेच पाहिजे."

किंजल शेजारच्या घरतांची मुलगी, पालघरच्या कॉलेजात शिकणारी. सिनेमावेड्या लोकांचा एक ग्रुप तिच्या मोबाइलवर होता. एकमेकांना काय पाहावं ते सुचवायचं, आपापल्या आवडत्या सिनेमांच्या याद्या टाकायच्या आणि त्यांवरून भांडायचं, एवढंच तिथे चाले. तिने प्रतापचा मजकूर जरा नीट करून टाकला आणि खाली लिहिलं, 'कृपया नाव सांगा. माझ्या काकांना शेवट हवा आहे.'

ओटीवर शैला विड्याची पानं निवडत बसली होती. पालघरजवळच्या माहीमच्या त्या वाडीत पानवेली, केळी आणि नवरा-बायको एवढंच होतं. त्यांना मूल झालं नाही. पहिली दहा वर्षं त्याबद्दल बोलणं झालं, नंतर तेही थांबलं.

"एका सिनेमावाचून तुमचं एवढं काय अडलंय?" तिने विचारलं.

प्रतापला तो सिनेमा सांगणाऱ्या चिंतूला जाऊन महिना झाला होता.

प्रताप चुरी तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पंप ऑपरेटर होता. काम सरळ होतं. दर तासाला दाब आणि तापमान लॉगबुकात लिहायचं, कुठे सील गळतंय का बघायचं आणि पंपांचा आवाज ऐकत राहायचं. त्याला पाळीवरून सोडवायला यायचा तो चिंतू धोडी, सफाळ्याच्या पूर्वेला डोंगराखालच्या एका पाड्यावरचा. आधी दोघांच्या पाळ्या फिरत्या होत्या. पन्नाशी उलटल्यावर रात्रपाळीतून सूट मिळाली आणि प्रतापला सकाळची, चिंतूला दुपारी तीनची पाळी कायमची झाली. म्हणजे दिवसाला दहा मिनिटं त्यांची गाठ पडे. पाना, टॉर्च आणि लॉगबुक याच्या हातातून त्याच्या हातात जाई. "दोन नंबर तापतोय, लक्ष ठेव," असं काहीतरी सांगून व्हायचं आणि उरलेली मिनिटं सिनेमाची.

सुरुवात चिंतूने केली. आश्रमशाळेत असताना एकदा पटांगणात पडदा लावून सिनेमा दाखवला होता. पुढे जागा नव्हती म्हणून लहान पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला बसली. नायक डावखुरा आहे असं चिंतू पुढची कितीतरी वर्षं समजून होता. हे ऐकून प्रताप इतका हसला की त्या दिवशी त्याची गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी त्यानेही आपल्या लहानपणी पाहिलेला एक सिनेमा सांगितला. मग एक वही आली. वही पंपघराच्या कपाटात, जुन्या लॉगबुकांखाली असायची. बघितलेला सिनेमा आवडला तर त्याने तो यादीत घालायचा आणि दुसऱ्याला सांगायचा. दुसऱ्याने शेरा द्यायचा. शेरे तीनच होते. 'पाहावा', 'नाही पाहिला तरी चालेल' आणि 'ओढूनताणून'. तिसरा प्रतापचा शब्द.

चिंतूच्या लक्षात नावं कधीच राहत नसत. त्यामुळे यादीतले निम्मे सिनेमे बिननावाचे होते. 'आंधळ्या म्हातारीचा', 'दोन भाऊ एक विहीर', 'टपालवाला मरतो तो'. नावावाचून अडतही नसे. शोधून बघायला वेळ कोणाला होता? एकाने सांगितला की दुसऱ्याने पाहिल्यातच जमा. एकदा चिंतूने घाईत वहीऐवजी लॉगबुकातच लिहिलं, 'पंप क्र. ३ सुरळीत. शेवट रडका, पण पाहावा.' सुपरवायझर धीरजसाहेब नवीन होते. त्यांनी दोघांना बोलावून विचारलं, "हा कुठल्या पंपाचा शेवट?" चिंतू इतक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तीन नंबरचा, साहेब, आज ना उद्या हायच," की साहेबांनी पंप उघडून बघायला सांगितला. आणि बेअरिंग खरंच गेलेलं निघालं.

यादी तीनशे बारापर्यंत आली होती.

तीनशे बारावा सिनेमा चिंतूने एका दिवसात सांगितला नाही. श्रावणात सुरू केला आणि रोज थोडा थोडा सांगितला. अर्धाच बघून होतो, मग वीज जाते, असं म्हणायचा.

"बाप कट्ट्यावर बसतो," एक दिवस त्याने सांगितलं. "समोर तिची मशीन. ती मान वर करत नाय. पण बाप आला की मशीन थांबते. तेवढ्यावरून त्याला समजतं, आपल्याला बगितलं."

"कुठला सिनेमा हा? बर्फबिर्फ पडतं काय तिथं?"

"नाय. ऊन असतं. पाऊस पडला की छत्री घेऊन बसतो."

"रोज?"

"पाळी असंल त्या रोज."

गौरी-गणपती गेल्यावर दोनतीन दिवसांनी चिंतूने चहाचा प्रसंग सांगितला. मुलीने चहावाल्याकडून कट्ट्यावर चहा पाठवला. बापाच्या हातात कप आला. आणि तिथे वीज गेली.

"तो प्यायला का नाय, काय समजलं नाय," चिंतू म्हणाला. जरा थांबून त्याने विचारलं, "परताप, तू असतास तर प्यायला असतास?"

त्या दिवशी प्रतापची दाढ ठणकत होती. सकाळपासून एक नंबरचा पंप तीनदा बंद पडला होता. त्याला घरी जायची घाई होती.

"मी? मी त्या रस्त्यानं गेलोच नसतो," तो म्हणाला. "जी पोर आपल्याला न विचारता गेली तिच्या दारासमोर जाऊन बसायचं? लोक हसतील. असा बाप आपल्याकडं नसतो, चिंतू. एकतर सरळ जाऊन बोलंल, नायतर नाव टाकंल. हे कट्ट्यावर बसणं वगैरे सगळं सिनेमातलं. शेरा लिही. ओढूनताणून."

मूल नसलेल्या माणसाला बापाचं काय कळणार, असं चिंतू म्हणू शकला असता. तो म्हणाला नाही. त्याने वही काढली, तीनशे बाराच्या पुढे आपल्या वाकड्या अक्षरात 'ओढूनताणून' लिहिलं आणि टॉर्च घेऊन तो पंपांकडे गेला.

त्यानंतर महिनाभर त्याने त्या सिनेमाचं नाव काढलं नाही. दुसराही कुठला सांगितला नाही. प्रतापनेच टीव्हीवर लागलेले दोन सांगितले. चिंतू हं हं करत ऐकायचा. दसऱ्याला तीन दिवस राहिले असताना मात्र वही ठेवता ठेवता तो म्हणाला, "परताप, त्या सिनेमाचा शेवट बगायचा हाय मला."

"कुठल्या? त्या कट्ट्यावाल्या? तो तर ओढूनताणून होता ना?"

"तुला वाटला," चिंतू म्हणाला आणि हसला. "उद्या बगतो. तीनला सांगतो तुला."

दुसऱ्या दिवशी तीन वाजले, साडेतीन वाजले, चिंतू आला नाही. प्रतापने कुरकुरत पाळी पुढे ओढली. पाचच्या सुमाराला धीरजसाहेब स्वतः पंपघरात आले. सकाळी सफाळ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना चिंतूच्या छातीत कळ आली होती. दवाखान्यात न्यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

किंजलच्या ग्रुपवर दोन दिवसांत साठ-सत्तर उत्तरं आली. लोक मनापासून लिहीत होते. कोणी दक्षिणेकडचा सुचवला, कोणी इराणकडचा. एका बाईंनी लिहिलं, नक्की हाच, मी तीनदा रडले आहे. एकाने आपली पन्नास सिनेमांची यादीच पाठवून दिली. किंजलने दहा-अकरा निवडून प्रतापच्या टीव्हीला जोडून दिले. पाळीवरून आला की तो हातपाय धुऊन बसायचा. खालच्या ओळी वाचता वाचता त्याचे डोळे दुखायचे. शैलाही पानं निवडायचं सोडून बसायची. एका सिनेमात मुलगी दुकानात होती, पण बाप मेलेला होता. एकात बाप बाकावर बसायचा, पण मुलाची वाट बघत.

"हा चांगला हाय की," शैला एकदा डोळे पुसत म्हणाली. "हा घाला तुमच्या वहीत."

"चिंतूनं बघितला नाय तो कसा घालू?"

शेवटी कोणीतरी लिहिलं, 'चाळीस वर्षं सिनेमे पाहतोय. असा सिनेमा नाही. असता तर मी पाहिला असता.' किंजलने ते काकांना दाखवलं नसतं तरी चाललं असतं. पण तिने दाखवलं.

कारखान्याने चिंतूच्या कपाटातलं सामान घरी पोहोचवायला सांगितलं तेव्हा प्रतापने ते काम मागून घेतलं. कुठल्या चॅनलवर बघत होता एवढं विचारता येईल, असा त्याचा हिशेब होता. सफाळ्याला उतरून तो रिक्षाने पाड्यावर गेला. घर कुडाचं, सारवलेलं. चिंतूची बायको कमळी दारातच होती. तिने पिशवीतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढल्या. टॉवेल, चपला, साबणाची डबी, चष्म्याची एक काडी. काडी तिने बराच वेळ हातात धरून ठेवली.

"वहिनी, एक विचारायचं होतं," प्रताप म्हणाला. "चिंतू एक सिनेमा बघत होता. श्रावणात. कुठं लागायचा, काय सांगता येईल?"

"सिनेमा?" कमळीने त्याच्याकडे पाहिलं. "टीवी दोन पावसाळं झालं बंद हाय. वीज पडली तवा जळला. नवा घेतलाच नाय आमी."

"मग मोबाइलवर?"

तिने कोनाड्यातून चिंतूचा फोन काढून पुढे ठेवला. बटणांचा, साधा.

प्रताप मनात मोजू लागला. दोन पावसाळे. म्हणजे वहीतले शेवटचे चाळीसेक. दुष्काळात बैल विकतो तो. आश्रमशाळेतून पळून रात्रभर रूळ धरून चालणाऱ्या पोराचा. बायको बाळंतपणात अडते आणि नवरा तिला डोलीतून नदीपार नेतो, तो. या सगळ्यांना त्याने 'पाहावा' म्हटलं होतं.

"वहिनी, तुम्हाला बाळंतपणात नदीपार न्यावं लागलं होतं काय?"

"दीपिकाच्या टायमाला," कमळी म्हणाली. "वैतरणेला पाणी चढलं व्हतं. तुमाला कोनी सांगितलं?"

"दीपिका?"

"पोर आमची. बोयसरला हाय." तिने पदर तोंडाला लावला, मग सोडला. "तीन वर्सं झाली. तिथंच कामाला जायची. बाहेरच्या मुलखातल्या पोराशी लगीन केलं तिनं, आमाला न इचारता. ह्यांनी सांगितलं, नाव घ्यायचं नाय घरात. मी घेतलं नाय. ह्ये गेलं तवा पन कोनी तिला कळवलं नाय. तिला समजलं तवा सगळं उरकलं व्हतं."

प्रतापने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर त्याने कमळीला तो सिनेमा सांगितला. कट्टा, मशीन, छत्री, चहा. जसा ऐकला होता तसा, मधलं काही न गाळता.

कमळीने सबंध ऐकलं.

"मला म्हनले नाव घेऊ नको," शेवटी ती म्हणाली. "आनि आपन रोज जाऊन बसायचे?" तिचा आवाज चढला. "मला पन न्यायला पायजे व्हतं ना! मी काय कट्ट्यावर मावली नसती?"

तिच्या रडण्यात राग जास्त होता. बऱ्याच वेळाने ती शांत झाली आणि तिनेच सांगितलं, त्या दिवशी चिंतू सकाळी साडेआठलाच घरातून निघाला होता. पाळी तीनची, तरी. पिशवीत दोन काकड्या घेतल्या होत्या, मांडवावरच्या. दोन कशाला म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, एक चुरीला.

"एक तुमाला," कमळी म्हणाली. "दुसरीचं मी इचारलं नाय."

बोईसर स्टेशनबाहेर, नवापूरच्या रस्त्याला, कारखान्याकडे जाणाऱ्या टमटम उभ्या राहतात तिथून प्रताप सव्वीस वर्षं ये-जा करत होता. पिको-फॉलचं ते दुकान त्याने शेकडो वेळा पाहिलं असेल आणि एकदाही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो तिथे गेला. मशीनवर पंचविशीची मुलगी बसली होती. कपाळ चिंतूचं. पाठीमागे साडीच्या झोळीत मूल झोपलेलं होतं.

"काय शिवायचंय, काका?"

"मी प्रताप चुरी. तुझ्या बाबाच्या बरोबर होतो. पंपावर."

तिचा पाय मशीनच्या पायट्यावरून खाली आला. तिने एक स्टूल ओढून पुढे केलं. "चुरीकाका म्हणजे सिनेमावाले?"

"तुला माहीत हाय?"

"लहानपणी सांगायचे ना ते. आज चुरीनं असा सांगितला, तसा सांगितला. आमी जेवायचो ते ऐकत."

स्टूल लहान होतं. प्रताप कसाबसा टेकला.

"ते यायचे इथं," त्याने विचारलं नव्हतं तरी तीच म्हणाली. "समोर बसायचे. मी कोनाला सांगितलं नाय. नवऱ्याला पन नाय. मला वाटायचं, सांगितलं की यायचे बंद होतील. एकदा चहा पाठवला मी."

"प्यायला?"

"प्यायले. कप स्वतः धुऊन दिला चहावाल्याला. मला वाटलं, आता येतील. उद्या नायतर परवा, रस्ता ओलांडून येतील." तिने समोरचं कापड विनाकारण दुमडलं. "पन दुसऱ्या दिवसापासून आलेच नायत. महिनाभर मी रोज बघायची. मला वाटलं, चहा पाठवला तेच चुकलं. मान दुखावला असंल त्यांचा. आपन नसता पाठवला तर निदान बसले तरी असते."

प्रतापला तिथून उठून जाता आलं असतं. तिला काही कळलं नसतं. सव्वीस वर्षांत त्याने पंपघरात कुणाचं वाईट केलं नव्हतं, कुणाची चुगली केली नव्हती. आपण साधा माणूस आहोत, असं त्याला स्वतःबद्दल नेहमी वाटत आलं होतं.

"चहा चुकला नाय," तो म्हणाला. "मी चुकलो."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. चिंतू आपलं सगळं सिनेमा म्हणून सांगत होता, हे आधी सांगितलं. मग ती दाढ, तो बंद पडणारा पंप हेही सांगायला गेला आणि मध्येच थांबला, कारण ती सबब वाटत होती. "त्यानं मला विचारलं, तू प्यायला असतास काय. मी म्हटलं, मी त्या रस्त्यानं गेलोच नसतो. असा बाप आपल्याकडं नसतो, लोक हसतील, म्हटलं. मला माहीत नव्हतं, दीपिका. पण मी म्हटलं. दुसऱ्याच दिवसापासून तो यायचा थांबला."

तेवढ्यात एक बाई ब्लाऊज घ्यायला आली. दीपिकाने ब्लाऊज शोधला, घडी करून दिला, हूक सैल वाटला तर परत आणा म्हणाली. बाई गेली. दीपिका उभीच राहिली.

"महिना," ती म्हणाली. "तो महिना होता आमच्याकडं, काका."

"हो."

"तुमी बोलला नसता तर आले असते."

"आला असता," प्रताप म्हणाला.

झोळीतलं मूल चाळवलं. दीपिकाने मागे हात करून झोळीला झोका दिला. रस्त्यावर टमटमवाले ओरडत होते. प्रताप उठायला लागला, तेव्हा ती म्हणाली, "बसा. अजून काय सांगितलं त्यांनी? त्यातलं?"

मग त्याने तो सिनेमा तिलाही पहिल्यापासून सांगितला. बाप आला की मशीन थांबते, हे ऐकल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते बापाला कळत होतं हे तिला माहीत नव्हतं. मग त्याने सफाळ्याच्या फलाटाचं सांगितलं, साडेआठला घरातून निघाल्याचं, दोन काकड्यांचं. तीनच्या पाळीसाठी कोणी साडेआठला निघत नाही, एवढंच तो म्हणाला. पुढचं तिचं तिला समजलं.

"आईला माहीत हाय?" तिने विचारलं.

"काल समजलं."

"काय म्हनली?"

"म्हणाली, मला पण न्यायला पाहिजे होतं."

दीपिकाने डोळे पुसले. "रविवारी तुमाला सुट्टी असते?" तिने विचारलं. "मला एकटीनं जायला नाय जमणार."

रविवारी सकाळच्या गाडीला ते बोईसरहून निघाले. दीपिकाचा नवरा रामकिसन स्टेशनपर्यंत सोडायला आला होता. त्याने मुलीचं टोपडं नीट केलं आणि प्रतापला हात जोडून म्हणाला, "चाचाजी, संभाल के." त्याला यायचं होतं. पण पहिल्यांदा तिने एकटीने जावं असं त्यालाच वाटलं होतं. गाडीत दीपिका खिडकीशी बसली. सफाळ्याच्या फलाटावर उतरल्यावर तिने विचारलं, "कुठं?"

प्रतापला नेमकी जागा माहीत नव्हती. त्याने तसं सांगितलं. ती फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली आणि परत आली. मुलगी तिच्या कडेवर जागी होती, खांबांकडे बघत होती.

पाड्यावर ते पोहोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. कमळी अंगणात होती. लेकीला बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. दीपिका अंगणाच्या कडेला थांबली. आत यावं की नाही ते तिला कळत नव्हतं. तेवढ्यात कडेवरच्या मुलीने अनोळखी माणसं बघून भोकाड पसरलं.

"ऊन लागतं तिला," कमळी म्हणाली. "आत घे." आणि दोन पावलांनंतर मागे न बघता तिने विचारलं, "भात खाते का अजून दूधच पिते?"

"खाते," दीपिका म्हणाली.

तिघी आत गेल्या. प्रताप बाहेरच राहिला. त्याला कोणी आत या म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी तो गेला नसता. अंगणात ताडपत्रीवर भात वाळत घातलं होतं, चिंतूने आषाढात लावलेलं आणि भावकीने येऊन कापलेलं. मग एकदम घरातून दोघींचं रडणं आलं, मोठ्याने, तीन वर्षांचं आणि या महिन्याचं एकत्र. मूलही त्यांच्यात मिसळून रडायला लागलं.

शेजारच्या घरातल्या चारपाच कोंबड्या भातात शिरल्या. प्रतापने कुडाला टेकवलेली काठी घेतली आणि दाराकडे पाठ करून, उन्हात, कोंबड्या हाकत उभा राहिला.